वाचलं, पण कळलं का?

रसायनीत कारखान्यांमुळे इंग्रजी पाट्या मुलांच्या रोज नजरेस पडतात. तरी माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते, पण 'व्हॉट इज युवर ब्रदर डुइंग?' विचारलं की गप्प! लेखी परीक्षेत मात्र गुण भरपूर. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी मोजमाप बहुतेक कागदावरच. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीची रीत मला पटते: मुलाला समोर बसवून कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, सोपे शब्द, मग वाक्यं वाचायला द्यायची आणि अर्थही विचारायचा. मी दर महिन्याला प्रत्येकाशी दोन मिनिटं इंग्रजीत बोलते आणि वहीत टिपते. मागे नुसतं 'मार्केट' म्हणणारा मुलगा आता 'ही गो मार्केट' म्हणाला, तर ती प्रगतीच. व्याकरण मागाहून येतं. पालकसभेत गुणपत्रिकेआधी मी ही वही उघडते.