अरण्यातील मुक्काम

राष्ट्रीय उद्यान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आखलेल्या वाटा, बाके आणि पाणपोई येते. अलास्कातील देनाली उद्यान तसे नव्हे. सुमारे 24,000 चौरस किलोमीटरांच्या त्या मुलखात रस्ता एकच, सुमारे 150 किलोमीटरांचा. त्याचाही पुढचा निम्मा भाग 2021 साली दरड सरकल्यामुळे बंद करावा लागला. अशा रानात तंबू ठोकून राहणाऱ्याने वागावे कसे, हा आमचा आजचा विषय.

प्रथम थोडा इतिहास. खाणवाल्यांच्या छावण्यांना मांस पुरविण्यासाठी धंदेवाईक शिकारी तेथील पांढरी डोंगरी मेंढरे मारू लागले. रेल्वे आली की हा संहार वाढणार, हे ओळखून चार्ल्स शेल्डन या निसर्गाभ्यासकाने खटपट केली आणि 1917 साली उद्यान स्थापन झाले. 1980 साली त्याचा विस्तार होऊन देनाली हे नाव मिळाले. यात दोष पोटासाठी राबणाऱ्या खाणमजुराचा नव्हता. सर्वांच्या मालकीच्या वस्तूला नियम नव्हता, हा खरा दोष.

आता नियम पाहू. रानात मुक्कामाला परवाना लागतो, आणि अनेक विभागांत एका रात्री किती जणांनी राहावे हे ठरलेले असते. पायवाटा फारशा नाहीत. त्या पडू नयेत म्हणून एकामागून एक न चालता पसरून चालावयाचे. तेथील उन्हाळा इतका आखूड की तुडवलेले शेवाळ व खुरटी झुडपे सावरायला वर्षे लागतात. उघड्या पडलेल्या वाटेने पाणी वाहते आणि माती धुपते. लाकडाची शेकोटी वर्ज्य, स्वयंपाक स्टोव्हवर. शौचाला पाण्यापासून दूर खड्डा खणून तो बुजवावयाचा. कचरा ज्याचा त्याने परत न्यावयाचा.

सर्वांत कडक नियम अन्नाचा. अस्वलाला फोडता येणार नाही अशा डब्यातच ते ठेवावे लागते. तंबू, स्वयंपाकाची जागा आणि डबा ही तिन्ही एकमेकांपासून 100 यार्डांवर. कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल माणसांच्या मुक्कामांकडे वळते, आणि अखेर पुष्कळदा त्यालाच गोळी घालावी लागते. निष्काळजीपणा एकाचा, प्राण दुसऱ्याचा!

तेथे दर टेकडीवर पहारेकरी नसतो. मुकादम पाठ फिरवून गेल्यावरही काम चोख होते, तेव्हाच शिस्त अंगी मुरली असे आम्ही कामगार समजतो. अरण्यातील मुक्कामाचीही कसोटी हीच. आपल्यामागून येणाऱ्याला आपण तेथे होतो हे कळूच नये. कारण ते रान जितके आपले, तितकेच त्याचेही आहे.