जुनं यंत्र, नवा मेंदू आणि दादाची अक्षरं



आजचा विषय वाचून काहींनी मला आधीच विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कोरीवकामाच्या यंत्राशी काय काम? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात थिसिअसचं जहाज शिकवलं. प्लुटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेली फळी काढली की नवी बसवली. मग जहाज तेच राहिलं का? निवृत्तीनंतर असं एक जहाज माझ्या हाती आलं. ते दुरुस्त करताना माझ्याकडून एक चूक झाली. आज त्या चुकीबद्दलच बोलणार आहे.

आमच्या भागात नामफलक, ट्रॉफ्या आणि भांड्यांवर नावं कोरून देणारं एक छोटं दुकान आहे. तिथं नव्वदच्या दशकातलं एक संगणकीय कोरीवयंत्र होतं. जड लोखंडी टेबल, आडवा आणि उभा सरकणारा सांगाडा, खाली-वर होणारं टोक आणि शेजारी बटणांची एक पेटी. पेटी मधूनच बंद पडायला लागली. मालक म्हणाले, “सर, सुटे भाग मिळत नाहीत. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. तुम्ही एकदा बघता का?”

आता अशा यंत्राचं वय दोन वेगळ्या गतींनी वाढतं, हे लक्षात घ्या. ओतीव लोखंड, स्क्रू आणि मोटारी तेलपाणी मिळालं तर पन्नास वर्षंही टिकतात. इलेक्ट्रॉनिक्सचं तसं नाही. कपॅसिटर सुकतात, बॅटऱ्या गळतात. म्हणजे शरीर धडधाकट आणि मेंदू थकलेला. माझ्या वयाच्या श्रोत्यांना हे उलटं वाटेल. (हशा)

पेटी उघडली तर बोर्डावर डाग दिलेली एक निकेल-कॅडमियम बॅटरी गळलेली, भोवती हिरवट-पांढरी पूड. हा स्राव अल्कधर्मी असतो, तो तांब्याच्या रेषा खातो. म्हणून जाणकार सांगतात, आधी बॅटरी काढा. मी काढली. सौम्य व्हिनेगरने बोर्ड पुसला, धुतला, वाळवला. पडदा उजळला, मला आनंद झाला. मालकांनी दोन बटणं दाबली आणि गप्प झाले. मग म्हणाले, “सर, दादाची अक्षरं?”

यंत्राबरोबर फक्त रोमन अक्षरं आली होती. मालकांच्या थोरल्या भावाने रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसून एकेक बिंदू बटणांनी भरत देवनागरी अक्षरं तयार केली होती. ती ज्या स्मृतीत होती, तिला वीज तुटून चालत नाही. बॅटरी त्यासाठीच होती. दादा काही वर्षांपूर्वी गेले. मी बोर्ड वाचवायला गेलो आणि त्यांची अक्षरं पुसून बसलो. मालक मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

एवढं करून बोर्डही वाचला नाही. एका अक्षाची मोटार चालवणारा भाग आधीच खाल्ला गेला होता. तेव्हा नवा मेंदू बसवायचा ठरलं. मदतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी माझी भाची होती.

तो मेंदू म्हणजे काय? आर्डुइनो हा २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ इथं विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला छोटा बोर्ड. त्याच्या उनो प्रकारात कामचलाऊ स्मृती जेमतेम २ किलोबाइट. त्यावर जीआरबीएल नावाची मोफत आज्ञावली चालते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी ती २००९ मध्ये सुरू केली. संगणकाकडून ‘अमुक बिंदूपर्यंत जा’ अशा जी-कोडमधल्या ओळी येतात आणि जीआरबीएल त्यांचे मोटारीसाठी ठोके बनवते. मधे ए४९८८ सारखा ड्रायव्हर लागतो, कारण मोटारीला लागणारा विद्युतप्रवाह आर्डुइनो देऊ शकत नाही.

इथं एक साधी युक्ती सांगतो. स्टेपर मोटारच्या चार तारांत जोड्या कोणत्या, हे कळत नसेल तर दोन तारा एकमेकींना जोडा आणि दांडा हाताने फिरवा. जड लागला तर ती एक जोडी. आणि एक ताकीद. वीज चालू असताना मोटारीची तार कधीही उपटू नका, ड्रायव्हर जळतो.

मग मोजमाप. मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो. म्हणजे एका फेऱ्याला १६०० ठोके. स्क्रू फेऱ्यागणिक अडीच मिलिमीटर सरकवतो असं आम्ही धरलं. १६०० भागिले २.५ म्हणजे ६४०. हा आकडा भरला आणि १०० मिलिमीटर जायला सांगितलं. यंत्र गेलं १०१.६. भाची म्हणाली, “मामा, हा स्क्रू इंचातला आहे!” इंचाला दहा आटे, म्हणजे फेऱ्याला २.५४ मिलिमीटर. खरा आकडा ६२९.९२ निघाला. आपलं माप कुठलं, हे यंत्रानेच आम्हाला सांगितलं.

राहिली अक्षरं. तुम्ही म्हणाल, संगणकात मराठी फॉन्ट काय कमी आहेत? पण ते फॉन्ट कडेच्या रेषांचे असतात. कोरणारं टोक त्या कडांवरून फिरतं आणि अक्षर पोकळ उमटतं. कोरायला मध्यरेषा लागते. रोमनसाठी अशी एकरेषी अक्षरं अ‍ॅलन हर्शी या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच केली होती. आम्हाला हवी होती दादांची देवनागरी.

ती होती कुठे? गावभर, दारांवर! सोसायट्यांचे फलक, पितळी पाट्या, शाळेच्या कपाटातल्या ट्रॉफ्या. मालकांनी जुनी बिलबुकं काढली आणि आम्ही घरोघर गेलो. पाटीशेजारी पट्टी धरून समोरून फोटो काढले आणि संगणकावर मध्यरेषा गिरवल्या. ‘ज्ञ’ लगेच मिळाला, ज्ञानेश्वर घरोघरी आहेत. ‘ङ’ आणि ‘ञ’ मात्र कुठेच मिळाले नाहीत.

पहिलं नाव कोरलं तर शिरोरेषा तुटक आली. प्रत्येक अक्षरापाशी केसभर पायरी. स्क्रू आणि नट झिजले की मधे थोडा प्ले येतो. टोक दिशा बदलून परत आलं की नेमक्या जागी येत नाही. रोमनमध्ये हे खपून जातं, शिरोरेषा ते उघडं पाडते. आम्ही नट आवळला, तरी थोडं राहिलंच. मग भिंगातून दादांची एक पाटी पाहिली. टोक जिथे उतरतं तिथे बारीक खड्डा पडतो. शिरोरेषेवर असा खड्डा एकच होता, शब्दाच्या सुरुवातीला. मालकांना आठवलं, “हो, दादा रेघ शेवटी मारायचा, एका दमात.” म्हणजे यंत्राचा दोष दादांना माहीत होता आणि त्यांनी त्यावरचा उपाय लिहिण्याच्या क्रमातच ठेवला होता. आम्ही तसंच केलं. रेघ सलग आली.

आता जहाजाकडे येऊ. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? बौद्ध म्हणतात, ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचं नाव. न्याय-वैशेषिक म्हणतात, अवयवी अवयवांहून निराळा असतो आणि अवयव बदलला की नवा अवयवी जन्मतो. हे सगळं मी शिकवलंय. पण अवयवांची यादी कोण करतं, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. माझ्या यादीत मोटार होती, बोर्ड होता, बॅटरी होती. मालकांच्या यादीत पहिलं नाव दादांच्या अक्षरांचं होतं. ते विचारायचं मला सुचलंच नाही.

म्हणून जुनं काही दुरुस्त करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी वापरणाऱ्याला विचारा, की यातलं काय गेलं तर तुम्हाला चालणार नाही? स्मृतीतला मजकूर आधी उतरवून घ्या. ते जमत नसेल तर योग्य व्होल्टेजचा पर्यायी पुरवठा जोडून मगच बॅटरी सोडवा. काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवा. वीज बंद केल्याशिवाय आत हात घालू नका.

“मग सर, यंत्र तेच आहे का?” असा प्रश्न आत्ता कुणीतरी चिठ्ठीवर पाठवलाय. मी मालकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतं, अक्षर दादाचंच आहे.” मला तेवढं उत्तर पुरलं. पण ‘ङ’ आणि ‘ञ’ च्या जागा आम्ही अजून रिकाम्याच ठेवल्या आहेत. कुणाच्या दारावर दिसले तर कळवा.