संकासुराची कैफियत

दशावतारातला संकासुर पाहिलेले वाचक आपल्या बडोद्यात फार नसावेत. ज्यांची मुळे कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी किंवा गोव्यातील पेडणे या बाजूची आहेत, त्यांना मात्र नुसते नाव काढले तरी हसू येईल. कार्तिकात देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की तिकडे दशावतारी नाटके रात्र रात्र रंगतात. मुख्य आख्यानापूर्वी पूर्वरंग असतो. त्याला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग हे ध्यान येते. अंगात काळा वेष, तोंड काळ्या कापडाने झाकलेले, आणि त्या काळोखातून बाहेर लोंबणारी तांबडी जीभ! पुढे बसलेली पोरे आईच्या पदराआड दडतात. पण देवादिक शुद्ध मराठीत बोलत असताना हा गृहस्थ अस्सल मालवणीत सुरू होतो, आणि तीच पोरे घटकाभरात पोट धरधरून हसू लागतात.

संकासुर म्हणजे पुराणातला शंखासुर. त्याने वेद चोरले आणि विष्णूने त्याला मारले, एवढीच त्याची हकिकत. हा कोण, कसा वाढला, वेदांशी त्याचे वैर काय, याविषयी सारा अंधार. बरे, नटाचा चेहरा दिसत नाही, म्हणून तेथूनही काही कळायची सोय नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात, आणि भाषण ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. (सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हाही पद्ये तेवढी लिहिलेली आणि भाषणे आयत्या वेळची, अशीच चाल होती.) तेव्हा संकासुराचे पूर्वायुष्य ज्या त्या रात्री ज्या त्या नटाने निर्माण करायचे आणि पहाटे पेटाऱ्यात गुंडाळून ठेवायचे.

मला ही गोष्ट फार दिवस खटकत होती. एवढ्या मोठ्या चोराची साधी कैफियतही कोणी लिहून घेऊ नये? शेवटी ती मीच लिहिली. ती सर्वस्वी माझ्या पदरची आहे. मात्र तिला आधार पुराणांचाच घेतला आहे.

पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात शंख हा सागराचा मुलगा असल्याचे सांगितले आहे. झाले, सगळा उलगडा येथेच होतो! समुद्रमंथनात समुद्राच्या घरातून चौदा रत्ने बाहेर पडली, आणि एकूण एक मार्गी लागली. लक्ष्मी मोठ्या घरी पडली. चंद्राला शंकराच्या मस्तकावर जागा मिळाली. ऐरावत इंद्राच्या चाकरीला लागला. कौस्तुभ विष्णूच्या छातीवर जाऊन बसला. विषासारखे उपद्रवी पोर, त्याचीही नीलकंठाच्या गळ्यात सोय झाली. इतकेच काय, त्या चौदांत एक शंखही होता. म्हणजे याच्याच नावाचा भाऊ चांगल्या ठिकाणी चिकटला. आमचा संकासुर तेवढा वडिलांजवळ घरी राहिला. आल्यागेल्याने विचारावे, “सध्या काय करतोस?” आणि याने लाटा मोजीत बसावे.

तेही त्याने सोसले असते. पण आषाढी एकादशी आली की थोरले मेहुणे बिऱ्हाडासह येऊन थेट चार महिने झोपी जात. सासऱ्याच्या घरी! जावयाची झोप मोडू नये म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, भरतीने जपून यायचे, ओहोटीने पाय न वाजवता जायचे. (क्षीरसागर निराळा आणि खारा सागर निराळा, अशी शंका कोणी शास्त्रीबुवा काढतील. घरातल्या कोणत्या खोलीत जावई निजला, याने धाकट्या मेहुण्याला काय फरक पडतो?) लक्ष्मी पाय चुरीत बसलेली. तिला काही बोलावे तर ती ओठांवर बोट ठेवणार. चार महिने गप्प बसून बसून या मुलाची जीभ वाढली ती हनुवटीखाली उतरली.

शेवटी त्याने विचार केला, या माणसाला उठवावे कसे? खजिना चोरला तर तो कुबेराचा. मेहुणा कूस बदलून पुन्हा झोपेल. पण वेद गेले तर ब्रह्मदेव ओरडणार, आणि ब्रह्मदेव ओरडला तर सारे देव ओरडणार. ताईने ओळखू नये म्हणून त्याने तोंडाला काळे फडके बांधले आणि वेद पळवले. पुढे झालेही तसेच. देवांनी गाणी-बजावणी करून विष्णूला जागे केले, हे तर माहात्म्यातच आहे. उठल्यावर मेहुण्याने मत्स्यरूप घेऊन आपल्याला ठार मारावे, हे मात्र संकासुराच्या हिशेबात नव्हते. त्याचा हिशेब चहापाण्यापर्यंतच होता.

ही कैफियत मी गावी गेलो असताना पुष्कळ वर्षे संकासुर केलेल्या एका वृद्ध नटाला वाचून दाखवली. हल्ली पूर्वरंग बराच आटोपता घेतात. कित्येकदा गणपती होतो न होतो तोच राजा सिंहासनावर दाखल. त्यामुळे या गृहस्थांना रात्री जागायचे काम कमी पडते. ओसरीवर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले. हसले नाहीत. मला वाटले, झोप लागली. मग म्हणाले, “तुमचां बरां आसा. पण लक्षुमीक माणूस खंयसून हाडू?”

मी म्हटले, तिला रंगमंचावर आणायची गरज नाही; नुसते बोलण्यात तिचे नाव घ्यावे. त्यावर ते म्हणाले, “बरां. पण ह्यां एका रातीक पुरात. फाल्यां काय सांगू?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तर चांगल्या कागदावर, समास सोडून, शाईने लिहून नेले होते. ते कागद त्यांनी घेतले नाहीत. वाचायला चष्मा लागतो म्हणाले. मी निघालो तेव्हा मात्र अंगणापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, “तो जावय चार म्हयने निजता, तेवढा माका दिया. आमच्या वाडीत तसो एक आसा.”