आजीला कुठं ठेवायचं?

मावळात आषाढ लागला, की भाताची आवणी सुरू होते. धडधाकट माणसं सगळी चिखलात उभी. घरी उरतात ती लहान पोरं आणि म्हातारी माणसं.

धरून चला, कामशेतजवळच्या एका वाडीत अशीच एक आजी आहे. दोन वर्षांपूर्वी ती विसरू लागली. जेवली, तरी म्हणे, "मला कुणी वाढलंच नाही." पुढं ती लेकालाच विचारू लागली, "तुम्ही कोण?" आता भर पावसात ती निघते. म्हणते, "माहेरी जाते." जवळच रेल्वेचे रूळ आहेत. सून रात्र रात्र जागते. तिचंही अंग खालावलं आहे.

लोक म्हणतात, साठी बुद्धी नाठी. पण हा नुसता वयाचा खेळ नव्हे. ही करणीही नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

पहिलं काम, डॉक्टरला दाखवा. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, एखादं औषध, यांनीही विसर पडतो. तो उपचारानं सुधारू शकतो. अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश मात्र बरा होत नाही. तो हळूहळू वाढतो.

मग घरच्यांनी एकत्र बसावं. चार प्रश्न विचारावेत.

१. आजी वाट चुकते का? चूल, गॅस, विहीर यांचा धोका आहे का?
२. तिच्याजवळ दिवसरात्र कुणी राहू शकतं का?
३. तिला खाऊ घालणं, धुणं-पुसणं घरच्यांना झेपतं का?
४. सांभाळणारं माणूस आजारी पडतंय का? रागाच्या भरात हात उचलला जातोय का?

आधी कामं वाटून घ्या. नणंद, जाऊ, भाऊ यांना हाक द्या. तरीही निभत नसेल, तर सांभाळ करणाऱ्या संस्थेचा विचार करावा. त्यात लाज कसली?

सगळे वृद्धाश्रम असा रोगी घेत नाहीत. म्हणून आधी विचारा. स्वतः जाऊन पाहा. रात्री किती माणसं असतात? डॉक्टर कधी येतो? खर्च किती? माणसांना बांधून तर ठेवत नाहीत ना? १४५६७ हा ज्येष्ठांसाठी सरकारी फोन आहे. तो फुकट लागतो. तिथंही माहिती मिळते.

एक मात्र ध्यानात ठेवा. ठेवणं वेगळं, टाकणं वेगळं. आई-बापाला टाकून देणं हा २००७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपल्या आजीला घरच्यांनी पुण्याकडं ठेवलं, असं समजा. तिची गोधडी सोबत द्यावी. लेकानं दर रविवारी लोकलनं जावं. ती ओळखणार नाही कदाचित. "तुम्ही कोण?" म्हणेल. तरी जवळ बसावं, हात हातात घ्यावा. तिला नाव आठवलं नाही, तरी माया कळते.