उत्तराला लागलेली सहा वर्षं

साधारण 1957 सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातली काही तरुण विद्यार्थी मुलं आपल्या समलैंगिक ओढीनं बेजार झाली होती आणि वडीलधाऱ्यांकडे मदत मागत होती. त्या काळी तिथे पुरुषांमधला शरीरसंबंध हा तुरुंगात धाडणारा गुन्हा होता. 1952 साली ॲलन ट्युरिंगसारख्या गणितज्ञालाही त्यासाठी दोषी ठरवलं गेलं होतं. काय सांगायचं या मुलांना?

दुसरा एखादा पंथ असता तर धर्मगुरूला विचारून मोकळा झाला असता. ब्रिटनमधल्या क्वेकरांकडे धर्मगुरूच नाही, सर्वांवर बंधनकारक अशी श्रद्धावचनंही नाहीत. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश आहे, ही जॉर्ज फॉक्सची सतराव्या शतकातली शिकवण त्यांच्या मुळाशी आहे. म्हणून उपासनेला सगळे शांत बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. कामकाजाच्या सभेत मतदान नसतं. सभेचा क्लार्क ठराव तिथल्या तिथे लिहितो आणि वाचून दाखवतो. कुणाला एखादा शब्द खटकतो, तो बदलून ठराव पुन्हा वाचला जातो. मनं जुळली की बाकांवरून ‘तशी आशा आहे’ असे आवाज येतात आणि ठराव पक्का होतो. बहुमताच्या जोरावर कुणालाही गप्प बसवता येत नाही, हे मला विलक्षण वाटतं.

या परंपरेतली 11 माणसं त्या मुलांच्या प्रश्नावर विचार करायला एकत्र आली. त्यांत शिक्षक होते, मनाचे अभ्यासक होते, एक बॅरिस्टर होता. आणि ॲना बिडर होत्या, केंब्रिजच्या प्राणिशास्त्रज्ञ. माकुळाची पचनसंस्था हा त्यांचा अभ्यासविषय. नीतीच्या चर्चेत त्यांचं काय काम, असं आपल्याला वाटेल. पण जे पंथ सत्य अजून उलगडतं आहे असं मानतात, त्यांना सृष्टीचं बारकाईनं निरीक्षण करणारं माणूस परकं कसं वाटेल?

विषय मात्र हातात मावेना. समलैंगिकतेचा निवाडा करायचा तर स्त्री-पुरुष संबंधांचा, विवाहपूर्व संबंधांचा, लग्नाचाही विचार करणं भाग पडलं. यातून त्यांनी जे केलं त्याचं मोल मला सर्वांत मोठं वाटतं. कृत्य कोणतं आणि कुणाकुणात, ही कसोटी त्यांनी बाजूला ठेवली. त्यात कुणी कुणाला वापरून घेतंय का, हे पाहायचं ठरवलं. या कसोटीवर समलिंगी प्रेमही निःस्वार्थ ठरू शकत होतं आणि लग्नाच्या चौकटीतलं शोषणही अनीती ठरत होतं. समलैंगिकतेबद्दल हळहळणं म्हणजे डावखुरेपणाबद्दल हळहळण्यासारखंच, इथपर्यंत ते पोचले.

1963च्या फेब्रुवारीत ॲलिस्टर हेरन यांच्या संपादनाखाली या गटाच्या विचारांची शंभर पानांच्या आतली पुस्तिका निघाली आणि गदारोळ उडाला. खुद्द क्वेकरांमध्येही नाराजी होती. पंथानं ती अधिकृत भूमिका म्हणून स्वीकारली नाही. मतं त्या गटाचीच राहिली. कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये 1967 साली सैल झाला, तोही 21 वर्षांवरच्या पुरुषांपुरता आणि चार भिंतींच्या आत. ब्रिटिश साम्राज्यानं 1860 साली भारतीयांवर लादलेल्या कलम 377मधून आपल्याकडच्या सज्ञान माणसांची सुटका व्हायला 2018 उजाडावं लागलं.

2009 साली यॉर्कला ब्रिटनच्या क्वेकरांची वार्षिक सभा भरली. समलिंगी जोडप्यांचे विवाह इतरांसारखेच आपल्या सभांमध्ये लावायचे, असं तिथे ठरलं. तेही मतदानाशिवाय. इंग्लंडचा कायदा तिथवर आला तो 2013 साली.

जगात सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत. त्यांच्या उपासनेत पाद्री असतो, प्रवचन असतं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना यॉर्कचा हा निर्णय मान्य नाही.