पंचवीस मायक्रॉनांचा मामला

समुद्राकाठच्या इमारतींत लाकडी खिडक्यांची जागा ॲल्युमिनियमने घेतली त्याला आता बराच काळ लोटला. परंतु त्या चौकटींवर दिसणारी ब्राँझची किंवा शॅम्पेनची छटा हा वरून दिलेला रंगाचा लेप होय, ही समजूत अद्याप कायम आहे, आणि घरमालकाचे बरेचसे नुकसान तिच्यापायी होते.

हवा लागताच ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आपोआप धरतो, व लोखंडाप्रमाणे हा धातू गंजून झडत नाही तो त्यामुळेच. तथापि खाऱ्या हवेतील क्षारांपुढे या थराचा निभाव लागत नाही आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडू लागतात. निसर्गाने अर्धवट सोडलेले हे काम विद्युतप्रवाहाकरवी तडीस नेणे म्हणजे ॲनोडायझिंग. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या ड्युरॅल्युमिनच्या भागांना संरक्षण मिळावे म्हणून १९२३ साली इंग्लंडात क्रोमिक आम्ल वापरून ही युक्ती प्रथम औद्योगिक प्रमाणावर योजली गेली, आणि १९२७ साली तिला गंधकाम्लाचा स्वस्त पर्याय लाभला.

कारखान्यात आजही तेच आम्ल चालते. कॉस्टिक सोड्यात धुऊन मॅट केलेला सेक्शन १५ ते २० टक्के गंधकाम्लात धनाग्राला जोडला, की धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये परिणत होऊ लागतो. थराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या आत रुजलेला असल्यामुळे रंगासारखे त्याचे पोपडे निघत नाहीत. मात्र द्रावण २० अंशांच्या आसपास राखावे लागते, आणि आपल्याकडील वैशाखात शीतयंत्राची वीज वाचविण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याच्या हातून मऊ, भुकटीसारखा थर तयार होतो. या थराला असंख्य छिद्रे असतात; कथिलाच्या क्षारद्रावणात प्रत्यावर्ती प्रवाह सोडला म्हणजे धातूचे कण छिद्रांच्या तळाशी जाऊन बसतात, आणि अवधी वाढवीत नेला तसतशी शॅम्पेनची छटा ब्राँझकडे व ब्राँझची काळ्याकडे झुकते. उन्हाने ही छटा सहसा विटत नाही ती याच कारणाने.

खरी कसोटी पुढेच आहे. ती छिद्रे उकळत्या पाण्यात मिटवावी लागतात (यालाच सीलिंग म्हणतात), व त्यास प्रत्येक मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटे, म्हणजे २५ मायक्रॉनांच्या थराला तासभर तरी, लागतो. घाईच्या कारखानदाराला काटकसर सुचते ती येथे, आणि नव्या चौकटीकडे नुसते पाहून ती कोणालाही ओळखता येत नाही.

म्हणून नुसत्या छटेवर सौदा करू नये. ‘आयएस १८६८’ या भारतीय मानकानुसार थराची प्रत जाडीवरून ठरते. बाहेरच्या खिडक्यांसाठी ‘एसी २५’, म्हणजे सरासरी २५ मायक्रॉन, असा स्पष्ट तपशील करारनाम्यात लिहून घ्यावा आणि जाडी व सीलिंग यांच्या चाचणीचा दाखला मागावा. ओले सिमेंट अल्कधर्मी असल्याने या थराला खाते; सबब गिलावा पुरा होईपर्यंत चौकटीवरील संरक्षक टेप काढू देऊ नये, व फरशी धुण्याचे ॲसिड तिच्या वाऱ्यालाही उभे करू नये. पुढे सौम्य साबणाचे पाणी पुरेसे आहे. एकाच छटेत थोडी तफावत राहणारच. तेव्हा मान्य असलेला सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद असे दोन नमुने उभयतांच्या सहीनिशी आधीच ठेवून द्यावेत.