पावडर स्की आणि बाइंडिंग : निवडीपूर्वी

- पावडर : नुकताच पडलेला, न दाबलेला भुसभुशीत बर्फ.
- बॅककंट्री : रिसॉर्टच्या हद्दीबाहेरचा डोंगर. लिफ्ट नाही, स्कीखाली स्किन (मागे घसरू न देणाऱ्या चिकट पट्ट्या) लावून चढायचे.
- रुंदी : बुटाखाली मोजतात. पावडर स्की साधारण १०५ ते १२० मिमी. दाबलेल्या उतारांसाठीची ७० ते ८५ मिमी.
- रॉकर : वर उचललेली टोके, स्की बर्फात रुतत नाही. सुरुवातीचे गाजलेले उदाहरण : स्कीपटू शेन मॅकॉन्की यांच्या कल्पनेतील ‘व्होलांट स्पॅच्युला’.
- ट्विन टिप : दोन्ही टोके वळलेली, उलट दिशेनेही उतरता येते.
- वजन : पॉलोनिया लाकडाचा गाभा आणि कार्बन तंतूंमुळे घटते. हलकी स्की चढायला सोपी, मात्र खडबडीत बर्फावर जास्त थरथरते.
- पिन बाइंडिंग (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड) : ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची १९८०च्या दशकातील रचना. सर्वांत हलके. बुटाला पिनांच्या खाचा हव्यातच.
- हायब्रिड बाइंडिंग : चढताना पिन, उतरताना आल्पाइन (रिसॉर्ट स्कीसारखी) पकड. उड्यांसाठी भक्कम, वजन जास्त. उदा. सॉलोमन ‘शिफ्ट’ (२०१८).
- डिन आकडा : किती जोर पडल्यावर बूट सुटेल याचे माप. वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ठरते.
- सोबत हवेच : हिमस्खलन ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा शोध घेणारे उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी), फावडे.